सगळ्यात भारी कॉम्प्युटर

"हे नको. दिसायला छान आहे, पण आत गरम हवा कोंडते," असं म्हणून लोवेलनं कॉम्प्युटरचं काचेचं कॅबिनेट बाजूला सरकवलं.

मार्लिस नवऱ्याकडे बघतच राहिली. जन्मभर दुधाचा टँकर चालवलेला माणूस. फोनवर आलेला फोटोसुद्धा तिला उघडून द्यावा लागे. थोडी खरेदी आहे, एवढंच सांगून त्यानं तिला आज गावाहून ग्रँड रॅपिड्स शहरात आणलं होतं. आणि आता इथे तो प्रोसेसरवर बोलत होता, कुठला मदरबोर्ड कशाशी जुळतो ते विचारत होता. दुकानातली रॉबिन एक सुचवायची, तो नको म्हणून दुसरंच मागायचा, आणि त्याचं बरोबर निघायचं. विटेएवढं ग्राफिक्स कार्ड त्यानं दोन्ही हातांत अलगद धरलं. दुकानात याहून भारी नाही ना, याची खात्री करून घेतली.

पॉवर सप्लाय जरा मोठाच घ्या, तो म्हणाला. पुढे नवे खेळ येतील, तेही चालायला हवेत.

मार्लिसला कळेना. पुढे? कोणासाठी?

त्यांच्या मुलाला, ट्रेंटला जाऊन वर्ष होत आलं होतं. असा कॉम्प्युटर बांधायचा हा त्याचाच ध्यास. तो आणि त्याचा मित्र डस्टिन तासन्‌तास याच गप्पा मारत बसायचे. मग त्या हिवाळ्यात डस्टिनची गाडी बर्फावरून घसरली आणि झाडावर आदळली. ट्रेंट गेला. डस्टिन वाचला. तो अंथरुणाला खिळलाय, एकच हात हलतो, असं कुणीतरी सांगू लागलं, तेव्हा ती उठून गेली होती. चर्चमध्ये ट्रेंटच्या शवपेटीजवळ, सगळ्यांसमोर, ती डस्टिनच्या आईला म्हणाली होती, "तुझ्या पोरानं माझं पोर मारलं." ती बाई खाली मान घालून निघून गेली होती.

"नशीबवान आहे हो मुलगा तुमचा," रॉबिन हसून म्हणाली.

लोवेल रॅमची खोकी उलटीपालटी करून बघत राहिला. याच्या डोक्यावर परिणाम झालाय, मार्लिसला वाटलं. शनिवारी शनिवारी मासे धरायला म्हणून एकटाच जातो, रिकाम्या हातांनी परत येतो, तेव्हाच आपल्या लक्षात यायला हवं होतं. तिनं हळूच त्याची बाही धरली. लहान मुलाला समजवावं तशी म्हणाली, "लोवेल, घरी चल. ट्रेंट नाहीये आता."

"माहीत आहे मला," तो म्हणाला.

कॉम्प्युटर जोडून घरपोच देऊ, कुणाच्या नावावर पाठवायचा, असं रॉबिननं विचारलं.

"डस्टिन प्रूइट."

मार्लिसच्या हातातून बाही सुटली. ती कुणाकडे न बघता दुकानाबाहेर पडली. गाडीपाशी पोचली, पण किल्ली लोवेलकडे होती. ती दाराची मूठ उगाच ओढत राहिली. मागून लोवेल आला, पण त्यानं दार उघडलं नाही.

"तू त्याच्या घरी जातोस," ती म्हणाली. "शनिवारी."

"हो."

"ज्यानं आपल्या ट्रेंटला..."

"मार्लिस, गाडी ट्रेंट चालवत होता."

तिनं ऐकलं, पण ते तिच्यापर्यंत पोचायला वेळ लागला. लोवेल खाली बघून बोलत राहिला. पोलिसांनी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ट्रेंटनं हट्टानं किल्ली मागून घेतली होती, आणि वेग फार होता. लोवेल माफी मागायला दवाखान्यात गेला, तेव्हा नळ्यांनी जखडलेला डस्टिन एवढंच म्हणाला, ट्रेंटच्या आईला नका सांगू. त्याच्या आईनंही मान डोलावली. चर्चमधला तो प्रकार त्यानंतरचा.

मार्लिसनं गाडीला पाठ टेकली.

"गावात आणखी कुणाला माहीत आहे?"

"सगळ्यांना."

सगळ्यांना. रविवारी तिच्या शेजारच्या बाकावर बसणाऱ्यांना. ती प्रूइटांच्या नावानं बोटं मोडायची तेव्हा तिच्या कपात कॉफी ओतणाऱ्या बायकांना. आणि त्या बाईलाही, जी बाजारात तिला बघून दर वेळी दुसऱ्या रांगेत जाऊन उभी राहायची. मार्लिसला वाटायचं, शरमेनं जाते.

"तुला आज सांगायचंच म्हणून आणलं," लोवेल म्हणाला. "आत जमेना."

ती रडली नाही. गाड्या येत होत्या, जात होत्या. मग ती सरळ उभी राहिली आणि दुकानाकडे चालू लागली. लोवेलला वाटलं, बसायला जागा शोधत असेल. तो मागे धावला.

काउंटरवर खोक्यांची चळत तयार होती. माउस तेवढा निवडायचा राहिलाय, रॉबिन म्हणाली. लोवेल पुढे झाला, तर मार्लिसनं त्याला हातानं थांबवलं. समोर मांडलेल्या माउसांपैकी एक तिनं उचलला, मुठीत धरून पाहिला, खाली ठेवला, दुसरा उचलला. मग मान वर न करता तिनं नवऱ्याला विचारलं,

"त्याचा कुठला हात चालतो?"