दुधाचा दात

हल्ली पहिलीतल्या मुलांचा पहिला पडलेला दात यंत्रात तपासून घ्यावाच लागतो. रेवाचा दात आत ठेवला आणि पडद्यावर काळपट रेषा उमटल्या.

"पोटात असताना हिला दारू पोचली आहे," डॉक्टर मुल्ला म्हणाल्या. "शिकवलेलं लक्षात राहत नाही, ते म्हणूनच."

हर्षवर्धनने बायकोकडे, वृषालीकडे पाहिलं. तिच्या सासूबाईंनी नातीला स्वतःकडे ओढून घेतलं.

"मी आयुष्यात थेंबही घेतलेला नाही," वृषाली म्हणाली.

"मग दात खोटं बोलतोय का?" हर्षवर्धनने विचारलं. "तुझ्या त्या ऑफिसच्या पार्ट्या..."

वृषाली पडद्याजवळ गेली. "डॉक्टर, या रेषा कुठे थांबतात?"

"सातव्या महिन्यात. पुढे जन्मापर्यंत दात स्वच्छ आहे."

"सातव्यात डोहाळजेवण झालं आणि मी माहेरी गेले," वृषाली सावकाश म्हणाली. "तोवर रोज रात्री पेलाभर द्राक्षासव घेत होते. आईंनी घरी बरणीत मुरवलेलं."

"ते औषध आहे," सासूबाई म्हणाल्या. "बाळ गुटगुटीत व्हावं म्हणून द्यायचे. सुनेला दारू कोण पाजेल?"

"मुरलं की त्यात दारूच तयार होते, आजी," डॉक्टर म्हणाल्या.

सासूबाईंचा हात रेवाच्या खांद्यावरून गळून पडला.

"हर्षा, घरी फोन लाव," त्या म्हणाल्या. "आधी पल्लवीला फोन लाव."

पल्लवी म्हणजे त्यांची लेक. चौथा महिना लागल्यापासून ती विश्रांतीला माहेरी आली होती, आणि तिचा पेला त्या निघतानाच भरून ठेवून आल्या होत्या.