गिअरचा हात

"झाकण काढ," बयाबाई मुलाला म्हणाल्या.

त्यांनी नवऱ्याला टाकीशेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं होतं आणि स्वतः रबरी हातमोजे चढवले होते. मोजे मुलाचे, विजयसिंहचे. टाकी साफ करताना तो ते घालायचा. एकदा विसरला, तेव्हा करंट बसून त्याचा हात पार खांद्यापासून झटक्यानं वर उडाला होता, आणि ते बयाबाईंनी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं होतं. सगळं तिथून सुरू झालं.

टाकीत एकच मासा होता, विजेचा. राखाडी, फुगीर, मिशीवाला. दिवसभर पाइपच्या तुकड्यात पडून असायचा. सोबतीला आणलेले बाकीचे मासे त्यानं करंट देऊन देऊन खाल्ले होते. विजयसिंह कॉलेजात फिजिक्स शिकवायचा. अख्ख्या कळंब्यात जिवंत बॅटरी पाळणारा आपण एकटेच, याचा त्याला परवापर्यंत अभिमान होता.

"आई, हे औषध नव्हे. आबांना बीपी आहे."

"बीपीची गोळी दिलीया. आणि त्यो फिजिओवाला मशीन लावायचा, त्यातनं काय दूध येत हुतं? करंटच की."

"मशीनचा करंट कमी-जास्त करता येतो."

"ह्याचाबी हुईल की. दमला की कमी."

इतकी वर्षं पोरांना वीज शिकवलेला विजयसिंह पुढं झाला. त्यानं झाकण काढलं.

शेजारच्या सुलतानबी पलंगाच्या कडेला बसून टाकीची लांबी-रुंदी न्याहाळत होत्या. "आक्का, माझा गुडघा मावंल का हो ह्यात?"

"आधी ह्यांचं बघू. मग गुडघ्याचं."

अर्धांगाच्या झटक्यात खुर्चीतल्या पिराजींची जीभ जड झाली होती आणि डावा हात गेला होता. जन्मभर एस.टी. चालवलेला माणूस. मलकापूरच्या पुढचा घाट त्यांनी याच हातानं गिअर टाकत काढला होता. आता तो हात मांडीवर पडून असायचा, कुणी प्रवासी गाडीत विसरून गेलेल्या पिशवीसारखा.

बयाबाईंनी तो मनगटाला धरून पाण्यात सोडला. दुसऱ्या हातातल्या लाकडी उलथन्यानं माशाला पाइपातून ढोसलं. मासा नाखुशीनं बाहेर आला आणि हाताला टेकला.

बोटं आवळली. पुरी मूठ झाली, मनगट वर उचललं गेलं, तांब्याभर पाणी फरशीवर सांडलं.

"गेर टाकला," बयाबाई हळू आवाजात म्हणाल्या.

"कितवा?" सुलतानबींनी विचारलं.

"पहिलाच असंल. आत्ता तर सुटली गाडी."

माशाला परत ढोसलं. परत मूठ. त्यानंतर नुसती बोटं हलली. त्यानंतर काहीच नाही. बयाबाईंनी उलथनं फिरवून पाहिलं, हात उलटा करून पाहिला, मग नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं. आत्ता उजळलेला बयाबाईंचा चेहरा विझत चालला.

"आता का न्हाय?"

"मासा दमला," विजयसिंह म्हणाला. आणि सांगायचंच म्हणून सांगून टाकलं, "आई, हात आबांनी हलवलाच नाही. माशानं हलवला. मेलेल्या बेडकाचा पायही असाच हलतो." बेडकाचं बोलायला नको होतं, हे त्याला बोलून झाल्यावर कळलं.

बयाबाईंनी मोजे काढले, झटकले आणि खिडकीत वाळत टाकले.

"आणि इतकं दिवस कोण हलवत हुतं? तू? डाक्टर? माशानं तर हलवला."

त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि जयसिंगपूरला, लेकीला फोन लावला. साक्षीदार म्हणून सुलतानबीही गुडघा धरत मागोमाग गेल्या. आतून आवाज येऊ लागला, "मोना, अगं तुझ्या आबांनी मूठ वळली."

विजयसिंह झाकण लावायला वाकला, तेव्हा त्याला वडिलांचा उजवा हात दिसला. एवढा वेळ सगळ्यांचं लक्ष डाव्याकडं होतं. उजव्यानं खुर्चीचा दांडा अजून असा आवळून धरला होता, की बोटांच्या पेरांतलं रक्त गेलं होतं. कपाळावरचा घाम भुवईपर्यंत उतरला होता.

"आबा," त्यानं आवाज खाली आणला, "डाव्या हाताला कळतं तुमच्या?"

पिराजींनी मान हलवली. "सगळं."

हलत नाही म्हणजे कळतही नसणार, असं घरात सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. फिजिक्सवाल्यानंही.

"लई लागलं?"

"लई."

"मग बास झालं. आजच कुणाला तरी देऊन टाकतो मासा. आईला मी सांगतो."

आत बयाबाई मोठ्यानं बोलत होत्या, "उद्या व्हिडिओ कॉल लावते. तू सोताच बघ की. आगं, गेर टाकला त्यांनी, गेर." आणि हसल्या. हे हसणं घरानं बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

पिराजी ऐकत राहिले. मग उजव्या हातानं डावा उचलून मांडीवर घेतला, खांद्यावरचा टॉवेल ओढला आणि एकेक बोट पुसून काढलं.

"उद्या," जड जिभेवर शब्द जुळवत ते म्हणाले, "सकाळी... सकाळीच लावू दे कॉल."

"सकाळीच का?"

पिराजींनी टाकीकडं पाहिलं. मासा पाइपात परतला होता.

"सकाळचा ताजा असतोय त्यो."