दोराच्या आतला हात

आपेनझेल गावच्या चौकात वर्षातून एकदा सारा परगणा जमतो आणि हात वर करून कायदे ठरवतो. हात सहसा कुणी मोजत बसत नाही. मंचावरचा प्रमुख नजरेनंच कौल जोखतो. खोटारड्याची त्यात छान सोय होते. रेमिगी इनाउएनची झाली होती.

बायकांना मताचा हक्क द्यावा का, हे पुरुष ठरवत होते, त्या वर्षी त्याची बायको क्रेसेन्झ मतदारांभोवती बांधलेल्या दोराबाहेर उभी होती. रेमिगीनं मतदाराची खूण म्हणून कमरेला लावलेली तलवार सावरत विरोधात हात वर केला आणि घरी येऊन सांगितलं, "तुझ्याच बाजूनं केला हो!" बिचारी मरेपर्यंत शेजारणींत ते मिरवत राहिली.

परवा भर दुपारी तो लेकीबरोबर, झेलिनबरोबर, त्याच रिकाम्या चौकातून चालला होता.

"बाबा, आईसाठी हात वर केलात ती जागा कुठली?"

"ही काय, इथंच."

बोलता बोलता त्याची नजर फरशीवर गेली. त्याच्या सावलीचा उजवा हात वर होता.

त्यानं घाईघाईनं दोन्ही हात कोटाच्या खिशात कोंबले. सावलीचा हात तसाच. तो चार पावलं सरकला. हातही सरकला, अंमळ उंच झाला.

"ऊन लागतंय, चल."

"पळताय कुठं? खरंच आईच्या बाजूनं ना?" झेलिन हसली.

"खरंच गं." त्यानं खिशातल्या मुठी आणखी खोल रेटल्या.

झेलिन फरशीकडे नाही, त्याच्याकडेच, त्याच्या उजव्या खांद्याच्या वरच्या रिकाम्या हवेत बघत होती. तिचं हसू हळूहळू मावळलं.

"आज मतदान नाही, बाबा," ती हलकेच म्हणाली. "हात खाली घ्या."