पाठमोरी माणसं

"टाळी वाजवायची नाही. एकानेसुद्धा नाही. ती आली की उठायचं आणि पाठ फिरवायची," मास्तरांनी स्टुडिओच्या फाटकाबाहेर सगळ्यांना बजावलं.

"आणि ज्याचे हात शिवशिवतील त्याने आधी माझ्याशी गाठ आहे हे लक्षात ठेवावं," पार्लरवालीने पुस्ती जोडली.

सगळे हसले. मोबाइलवरच्या भाऊप्रेमी मंडळात रोज भांडणारी, रोज 'शुभ सकाळ' म्हणणारी ही माणसं आज पहिल्यांदाच एकमेकांना डोळ्यांनी पाहत होती. फोटोत दांडगे वाटणारे मास्तर प्रत्यक्षात पार्लरवालीच्या खांद्याला लागत होते. पण आवाज मात्र वर्गातलाच होता.

"बोलते बरी हो ती पण," मागून एक बाई हळूच म्हणाली.

"मग तिच्या मांडीवर जाऊन बसा!" पार्लरवाली कडाडली. बाईंनी मान खाली घातली.

पार्लरवालीची जीभ मुळातच तिखट, पण या बाबतीत तिला विशेष धार चढायची. नवरा दुसरं घर करून निघून गेला, तेव्हा गल्लीतल्या बायका तिच्या पार्लरची पायरी चढेनाशा झाल्या होत्या. एका संध्याकाळी तिने भाऊंच्या टीव्हीवरच्या कार्यक्रमात फोन लावला आणि चालू कार्यक्रमातच हमसून रडली. भाऊंनी तिला गप्प केलं नाही, की उपदेशही केला नाही. "ताई, चूक त्याची आणि लाज तुम्हाला, हा कुठला न्याय?" एवढंच ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी शेजारीण केस कापायला आली. त्या दिवसापासून पार्लरवालीला पाठीराखा भाऊ मिळाला.

आणि मग अचानक एक दिवस भाऊंच्या खुर्चीत ती बसलेली दिसली. भाऊंना प्रश्न लिहून देणारी, त्यांच्या हाताखाली शिकलेली पोरगी. 'भाऊ विश्रांती घेत आहेत' यापलीकडे कुणी अवाक्षर काढलं नाही. मंडळाला सांगायची गरजही नव्हती. धडधाकट माणूस कशाला विश्रांती घेईल? काढलं त्यांना, आणि काढलं हिनेच. 'आयत्या बिळावरची नागीण' हे नाव पार्लरवालीने ठेवलं. ते इतकं पसरलं, की भर रस्त्यात पोरं त्या मुलीच्या गाडीमागे फुत्कार टाकत धावली. ती बातमी वाचली त्या दिवशी पार्लरवालीने गिऱ्हाइकांना चहा पाजला होता.

आत स्टुडिओत हाडं गोठवणारा गारठा होता. जमिनीवर वायरींचा गुंता होता. कानाला यंत्र लावलेला एक माणूस पुढे येऊन म्हणाला, "मी हात वर केला, की जोरात टाळ्या." त्याने हात वर केला. दिवे लागले. ती आली.

खुर्च्या करकरल्या. सगळं मंडळ उठलं आणि गर्रकन पाठमोरं झालं. पार्लरवालीच्या समोर आता नुसती काळी भिंत होती. तिला मजा वाटत होती.

"बसून घ्या ना, प्लीज," मागून तिचा आवाज आला. कुणी बसलं नाही.

मग ती म्हणाली, "ठीक आहे. आजचे पाहुणे बरेच महिने घरातच होते. कुणाला काही सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती त्यांनी मला. आज स्वतःच्या मनाने आलेत."

"शपथा कसल्या घालता, खुर्ची सोडा!" मास्तर भिंतीकडे बघत ओरडले. शिट्ट्या झाल्या. त्या गोंगाटात कुणीतरी पाय फरफटत आत आल्यासारखं वाटलं. मग एक पुरुषी आवाज आला. जड, ओला, शब्दाला शब्द चिकटलेला.

"न… नम…"

"अहो, पाहुणा पिऊन आलाय वाटतं!" पार्लरवाली खणखणीत आवाजात म्हणाली.

हास्याचा फवारा उडाला. मास्तर तर पोट धरून हसले. मग टोकाला उभ्या असलेल्या त्या हळू बोलणाऱ्या बाईंनी मान वळवून पाहिलं, आणि त्यांच्या हातून पर्स पडली. त्यांच्या शेजारच्याने पाहिलं. हसू एकेका तोंडावरून उतरत रांगेत पार्लरवालीपर्यंत मावळत आलं. तीही वळली.

खुर्चीत भाऊ होते. चेहऱ्याची उजवी बाजू खाली ओघळली होती. उजवा हात दुसऱ्या कुणाचा असावा तसा मांडीवर पडला होता. खुर्चीशेजारी ती मुलगी गुडघ्यांवर बसली होती आणि स्वतःच्या बाहीने त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यातली लाळ टिपत होती.

"भाऊ…" मास्तरांच्या तोंडून फुटलं.

पार्लरवालीला वाटलं, जमीन दुभंगेल तर बरं. भाऊ एकेका चेहऱ्याकडे पाहत होते, पण ओळख कुठेच लागत नव्हती. त्यांनी डावा हात उचलला आणि सगळ्यांकडे दाखवला.

"ही… माणसं," त्यांनी मोठ्या कष्टाने विचारलं, "रागा… रागावली… कुणावर?"

मुलीने वर पाहिलं. तिची नजर नेमकी पार्लरवालीवर येऊन थांबली. आवाज कुणाचा होता, ते तिने ओळखलं होतं. आता ही सगळं सांगणार, पार्लरवालीच्या मनात आलं. सांगावंच. हिच्या जागी मी असते, तर एकेकाची सालटी काढली असती.

मुलीने भाऊंचा लुळा हात आपल्या हातात घेतला.

"कुणावर नाही, भाऊ. तुम्ही येणार म्हणून आलीत सगळी."