किल्लीचं भोक

परीक्षेत नापास झाल्यापासून लेक खोलीत कोंडून घेऊन बसली होती. जेवणापुरती बाहेर यायची आणि आत जाऊन पुन्हा कुलपात किल्ली फिरवायची. बापाचा जीव टांगणीला. येता-जाता तो किल्लीच्या भोकाला डोळा लावायचा. पण आतून किल्ली तशीच घातलेली, दिसणार काय कपाळ!

शेवटी तिच्या मामाने तिला जवळजवळ उचलूनच कुलूपदुरुस्तीच्या प्रशिक्षणाला नेऊन घातलं. ती रोज जाऊ लागली खरी, पण घरी आली की दार पुन्हा बंद. आता तर आतून खुडखुडही ऐकू येऊ लागली.

"अहो, एवढी उत्सुकता आहे तर दार वाजवा की!" बायको म्हणाली.

"आणि चिडली म्हणजे?"

रविवारी दुपारी खुडखुड एकदम थांबली. बाप मांजराच्या पावलांनी गेला, सवयीने वाकला आणि डोळा लावला. भोक आज चांगलं मुठीएवढं झालं होतं, आणि पलीकडून एक डोळा त्याच्याकडेच बघत होता.

"बाबा, सरावाला खरं कुलूप लागतं," डोळा म्हणाला. "म्हणून ह्याच दाराचं काढलं. आत काय काय असतं, बघायचंय तुम्हाला?"

बापाला तेवढंच तर बघायचं होतं. तरी त्याने धास्तावून विचारलं, "मग परत कधी बसवणार?"

"बसवीन सावकाश. आधी तुम्ही सरळ उभे राहा, कंबर धरेल. दार नुसतं लोटलंय."