यान न आलेला शनिवार

भाग संपला आणि तिने चक्क टाळ्या वाजवल्या. घरात ती एकटीच होती, त्यामुळे लगेच थांबलीही. मग तिने दुसऱ्या गावी राहणाऱ्या बाबांना फोन लावला. सव्वाआठला मालिका संपायची आणि आठ सतराला फोन, हा बाप-लेकीचा दर शनिवारचा शिरस्ता होता. पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला.

“बघितलंस?” बाबा म्हणाले. “शेवटी बटणच ना?”

बाबा थट्टा करताहेत असं वाटून ती हसली.

मालिका सव्वीस वर्षं चालू होती. ती बारा वर्षांची असताना बाबांनीच तिला शेजारी बसवून ही गोडी लावली होती. तेव्हा मालिकेत नाना तऱ्हेच्या गोष्टी असत. पुढे लेखकांची पोतडी रिकामी झाली असावी, कारण गेली पाच वर्षं दर शनिवारी परग्रहवासी पृथ्वीवर चालून येत होते. शहरावर यान येऊन थांबायचं. माणसं आ वासून वर बघायची. कोट्यवधी मैल तुडवून आलेल्या पाहुण्यांना साधं दार उघडता यायचं नाही. शेवटी नायक मुख्य यानातलं एक बटण दाबायचा आणि सगळे गारद. पुढच्या शनिवारी त्याच शहरातले लोक काही घडलंच नाही अशा थाटात कामाला निघालेले असायचे. चाहत्यांच्या गटात सगळे चिडून पानंच्या पानं लिहायचे आणि पुढच्या शनिवारी पुन्हा टीव्हीसमोर बसायचे.

त्या पाहुण्यांचा एक उपकार मात्र ती मानायची. आई गेल्यापासून दोघांत बोलण्यासारखं फार उरलं नव्हतं. तब्येत कशी, बरी. जेवलात का, जेवलो. ती दिवसभर कवळ्या बनवायची, बाबांनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. या दोन धंद्यांवर बोलून किती बोलणार? दीड मिनिटात सगळं आटपायचं. मालिकेला नावं ठेवायला घेतली की तास कुठे जायचा कळायचं नाही.

आज नावं ठेवायला जागाच नव्हती. यान आलंच नाही. एकच परग्रहवासी आला, एका इमारतीत भाड्याने राहिला आणि हल्ल्याचा दिवस पुढे पुढे ढकलत राहिला. आज शेजारीण आजारी आहे, उद्या जिन्यातला दिवा बदलायचाय. शेवटी वरून विचारणा झाली तेव्हा तो म्हणाला, “इथे कुणी नाही.” बस, एवढंच. गेल्या अकरा वर्षांत एका शब्दाने कौतुक न केलेल्या एका खवटाने गटात लिहिलं होतं, “उभा राहून बघितला.” तिला आता फक्त बाबांच्या तोंडून एकदा ‘वा’ ऐकायचं होतं. सव्वीस वर्षांची उधारी होती ती.

“बटण कुठलं, बाबा?” तिने विचारलं.

“अगं, त्या यानातलं. एवढं अगडबंब यान आणि सगळा कारभार एका बटणावर? आमच्या चार माणसांच्या लिफ्टलाही दोन-दोन ब्रेक असतात.”

ते थट्टा करत नव्हते. मग तिने जपून विचारलं, “आणि तो कुत्रा?”

“कुत्रा... हां, कुत्रा! त्याला मध्ये आणायची काय गरज होती, मी म्हणतो.”

भागात कुत्रा नव्हता.

तिने मागचं आठवून पाहिलं. पूर्वी बाबा बारीकसारीक चुका धरायचे. कॅप्टनची जखम उजव्या हातावरून डाव्या हातावर कशी गेली, कुठल्या खिडकीत चहाचा कप राहून गेला. गेली दोन-तीन वर्षं मात्र यान, दार, बटण, एवढंच. दर शनिवारी तेच घडायचं, म्हणून दर शनिवारी ते बरोबरच ठरायचं. मालिकेने आज पहिल्यांदा वेगळं काही दाखवलं आणि बाबा पकडले गेले.

तिला राग आला. आपण एकटीच इतके शनिवार बघत बसलो, हे तिला लागलं. विचारावं सरळ, असं तिच्या ओठांवर आलं होतं. मग तिला ती पहिली रिंग आठवली. आज, मागच्या शनिवारी, त्याच्या मागच्या शनिवारी, नेहमी पहिलीच. मालिका न बघणारा माणूस मालिका संपायची वाट बघत फोनजवळ बसत होता.

“ठमे?” बाबांचा आवाज जरा उतरला होता. “आहेस ना? की झोप आलीय? ठेवतेस का?”

दीड मिनिट होऊन गेलं होतं.

“आहे हो,” ती म्हणाली. “त्या बटणाचाच विचार करत होते. इतक्या लांबून आले आणि बटणाला साधं झाकण नाही, बाबा?”

“तेच तर म्हणतोय मी!” बाबांच्या आवाजात जीव आला. “थांब, खुर्ची ओढून घेतो. मग सांग, त्या कुत्र्याचं काय झालं शेवटी.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बाबा नीट टेकून बसेपर्यंत ती थांबली आणि मग सव्वीस वर्षांतल्या सगळ्यात चांगल्या भागाला तिने मनापासून नावं ठेवायला घेतली.