तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर

"मला ओळ आठवत नाहीये," ताई पाचव्यांदा म्हणाल्या.

सिनेमासाठी उभारलेल्या कोर्टाच्या सेटवर त्या आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या होत्या. पस्तीस वर्षांत ताई एकही ओळ विसरल्या नव्हत्या. समोरचा अडखळला तर त्याची ओळही त्याच पुटपुटून द्यायच्या. आणि ही ओळ तर जेमतेम सहा शब्दांची होती: 'माझा मुलगा जुन्या गिरणीत लपलाय, साहेब.'

दिग्दर्शक त्यांच्या निम्म्या वयाचा. तो पिंजऱ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "ताई, पाणी देऊ का?"

"पाण्याने आठवेल असं वाटत नाही रे."

मूळ कादंबरी फ्रेंच, दीडशे वर्षांपूर्वीची. तिकडे आजीने वाचलेली प्रत नात वाचते, असं तिचं कौतुक. सव्वीस वर्षं फ्रेंच शिकवलेल्या एका बाईंनी तिची पटकथा केली होती. ती इकडे आणताना त्यांनी गाव बदललं, नावं बदलली, कपडे बदलले. एक गोष्ट मात्र हलू दिली नव्हती. संप पुकारून फरार झालेल्या पोराची आई, लोकांचे कपडे धुऊन जगणारी, तिला कोर्ट तीनदा विचारतं, मुलगा कुठे आहे? आणि ती तीनदा गप्प राहते, शिक्षा ओढवून घेते.

गेल्या आठवड्यात निर्मात्यांनी तिसरं गप्प राहणं खोडून टाकलं. आता तिसऱ्या प्रश्नाला आई हंबरडा फोडणार, पत्ता सांगणार, न्यायाधीश विरघळणार, माय-लेकांची मिठी आणि समाप्त. "लोकांना रडायला जागा द्या, मग हसत घरी जाऊ द्या," असं त्यांचं म्हणणं. लेखिका तासभर भांडल्या. शेवटी त्यांना सांगण्यात आलं, सेटवर यायचं तर या, पण तोंड उघडायचं नाही.

त्या आल्या होत्या. सकाळी मेकअपच्या खोलीत ताईंनी नवा कागद वाचला आणि आरशातूनच त्यांना विचारलं, "तुम्ही काहीच म्हणत नाही?"

"मला बोलायला बंदी आहे."

ताईंनी कागदाची चार घड्यांची पुडी केली आणि पावडरच्या डब्याखाली सरकवली. "आणि मला गप्प बसायला," त्या म्हणाल्या.

गेल्या काही वर्षांत त्यांच्या वाट्याला नायकाच्या आयाच आल्या होत्या. दारात उभ्या राहणाऱ्या, डोळ्यांना पदर लावणाऱ्या, दुसऱ्या प्रसंगानंतर कुणाला आठवतही नसणाऱ्या. जिच्या खांद्यावर अख्खा सिनेमा उभा आहे, अशी ही पहिलीच. ती हातची गेली तर पुन्हा मिळेल, या भ्रमात त्या नव्हत्या.

आता सेटवर निर्माते खुर्ची सरकवून उठले आणि थेट पिंजऱ्यापाशी आले.

"ताई, मी काही कालचा पोर नाही. तुम्हाला ओळ चांगली आठवतेय."

"आठवत असती तर म्हटली नसती का?"

"उद्या दुसरी बाई उभी करीन."

"करा की. फक्त तिने पुस्तक वाचलेलं नाही एवढी खात्री करून घ्या."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. निर्मात्यांनी वळून पाहिलं, तशी सगळ्यांची तोंडं सरळ झाली. मग ते एकदम शांत आवाजात दिग्दर्शकाला म्हणाले, "पाठमोरा शॉट घे. तोंड दिसायलाच नको. आवाज नंतर भरू. रडका आवाज काय, कुणाचाही चालतो."

हे मात्र ताईंच्या वर्मी लागलं. आपली पाठ, आपले खांदे, आपलं लुगडं, आणि आतून दुसरीच कुणी पोराचा पत्ता सांगतेय! त्यांनी लेखिकांकडे पाहिलं. त्या मॉनिटरजवळ मान खाली घालून बसल्या होत्या. मांडीवरच्या पुस्तकाच्या कडा त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरल्या होत्या.

कॅमेरा पिंजऱ्यामागे आणला. दिवे हलवले. दिग्दर्शक कुणाच्याच नजरेला नजर न देता म्हणाला, "ॲक्शन."

न्यायाधीश झालेले आजोबा जुने रंगभूमीवरचे. त्यांनी चष्मा काढला. "तिसऱ्यांदा आणि शेवटचं विचारतो. तुझा मुलगा कुठे आहे?"

ताईंनी पिंजऱ्याचा कठडा सोडला आणि न्यायाधीशांकडे पाठ करून सावकाश वळल्या. पूर्ण वळल्या. कॅमेऱ्याच्या भिंगात थेट बघायचं नाही, हा या धंद्यातला पहिला धडा. त्या थेट बघत राहिल्या. ओठ मिटलेले, असे की त्यांच्यामधून सुईसुद्धा गेली नसती. कुणाचाही आवाज आणून त्या ओठांवर बसवता आला नसता.

"थांबव!" निर्माते ओरडले.

कॅमेरामनने थांबवलं नाही. त्याने भिंग फिरवून तो चेहरा आणखी जवळ घेतला.

तेवढ्यात वरून कागदांचा आवाज आला. न्यायाधीशांनी समोरची फाइल मिटली होती. नव्या कागदांत शिक्षा नव्हतीच, होती ती माफी. आजोबा खुर्चीतून उठले आणि महिन्यापूर्वी पाठ केलेली जुनी ओळ खणखणीत आवाजात म्हणाले, "आरोपी उत्तर देत नाही. सात वर्षं सक्तमजुरी."

हवालदाराचे कपडे घातलेला माणूस गोंधळला. त्याला आज फक्त दारात उभं राहायला सांगितलं होतं. बेड्याही कुणी दिल्या नव्हत्या. तरी तो पुढे आला.

ताईंनी हनुवटी वर केली आणि आपणहून दोन्ही मनगटं त्याच्यासमोर धरली.

कट कुणी म्हणालं नाही.